शाळेचा खर्च कापला की तो कुणाच्या अंगावर पडतो?

शिक्षणावरची तरतूद कमी झाली, अशी बातमी वाचली की ती बहुतेकांना हिशेबातली बातमी वाटते. सरकारकडे पैसे कमी आहेत, सगळ्याच खात्यांना थोडी झळ सोसावी लागणार, मग शाळांनीही थोडे भागवून घ्यावे, असा विचार मनात येतो आणि तो वरवर पाहता रास्तही वाटतो. त्यात एक गोष्ट मात्र निसटते. मुलाला शिकायचे असेल, तर त्याला शिकवणारा माणूस लागतो, पुस्तक लागते, बसायला जागा लागते, पोटात अन्न लागते आणि शाळेपर्यंत पोहोचण्याची सोय लागते. सरकारने पैसे देणे थांबवले, म्हणून यातली एकही गरज संपत नाही. शाळेने जे द्यायचे थांबवले, ते घराने द्यायचे असते. ज्या घराला ते परवडते, ते घर कुरकुर करत का होईना, देते आणि त्यातले मूल पुढे जाते. ज्या घराला परवडत नाही, त्या घरातल्या मुलापुरती ती गोष्ट नाहीशी होते. म्हणूनच सगळ्यांना सारख्या टक्क्यांनी लावलेली कपात सगळ्यांना सारखी लागत नाही. ती गरीब मुलाला इतकी जास्त का लागते, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

कपात ओळखायची कशी, इथपासूनच सुरुवात करायला हवी, कारण ती उघडपणे जाहीर होतेच असे नाही. समजा, शिक्षणासाठी गेल्या वर्षी १०० रुपये ठेवले होते आणि यंदा १०३ ठेवले. कागदावर ही वाढ आहे. पण त्याच वर्षात महागाई ७ टक्क्यांनी वाढली असेल, तर गेल्या वर्षी १०० रुपयांत जे येत होते, त्याला यंदा १०७ रुपये लागतात. म्हणजे प्रत्यक्षात पावणेचार टक्क्यांच्या आसपास घट झाली. त्यातच शाळांचा पट वाढला असेल, तर दर मुलामागे येणारी रक्कम आणखी खाली जाते. तिसरा प्रकार त्याहून लपलेला असतो. अर्थसंकल्पात तरतूद भरघोस दिसते, वर्षाच्या मध्यात ती कमी केली जाते, उरलेली रक्कम वर्ष संपता संपता शाळांच्या हाती पडते आणि खर्च करायला वेळच न राहिल्यामुळे तिचा काही भाग परत जातो. त्यामुळे कुठल्याही सरकारने शिक्षणावर खर्च वाढवला की घटवला, हे ठरवताना महागाई वजा करून, दर मुलामागे आणि प्रत्यक्षात झालेला खर्च पाहावा लागतो. नुसती तरतूद पाहून काहीच कळत नाही.

आता कपात नेमकी कशावर होते ते पाहू, कारण सगळा प्रश्न इथेच वळण घेतो. शाळांच्या चालू खर्चाचा मोठा भाग पगारांचा असतो. अनेक गरीब देशांत तो चार हिश्श्यांपैकी तीन हिश्श्यांच्याही वर जातो. कायम नोकरीतल्या शिक्षकाचा पगार एका फटक्यात कमी करता येत नाही आणि तसा तो करूही नये. त्यामुळे कात्री तिथे चालते, जिथे कुणाचा करार नाही आणि ओरडणारेही कुणी नाही. निवृत्त झालेल्या शिक्षकाची जागा भरली जात नाही. ग्रंथालयासाठी नवी पुस्तके घेतली जात नाहीत. गळके छप्पर आणखी एक पावसाळा तसेच राहते. मागे पडलेल्या मुलांसाठी सकाळी चालणारा जादा वर्ग बंद होतो, समुपदेशकाचे पद रद्द होते, अपंग मुलांसाठी आठवड्यातून दोनदा येणारा विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येऊ लागतो. ही यादी नीट पाहिली, तर लक्षात येते की यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीचा सर्वाधिक उपयोग गरीब मुलालाच होत होता. सुस्थितीतल्या घरात पुस्तके असतात, शिकवणी लावता येते, अभ्यासात अडले तर विचारायला कुणीतरी असते. त्या घरातल्या मुलासाठी शाळेचे ग्रंथालय हे पुस्तक मिळण्याच्या अनेक जागांपैकी एक असते, तर गरीब मुलासाठी तीच एकमेव जागा असते.

रिकाम्या राहिलेल्या जागेचे जरा जवळून पाहू, कारण तिचा आवाज सर्वांत कमी होतो. दोन तुकड्यांना दोन शिक्षक होते. एक निवृत्त झाला, जागा भरली नाही आणि दोन्ही तुकड्या एका वर्गात बसवल्या. आता ३० ऐवजी ६० मुले समोर आहेत. तास ४० मिनिटांचा आहे. शिक्षिकेने हजेरी घेतली नाही, फळ्यावर काही लिहिले नाही, कुणाला गप्प केले नाही आणि फक्त प्रत्येक मुलाकडे एकेकदा लक्ष द्यायचे ठरवले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ४० सेकंद येतात. आधी ८० येत होते. आता त्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी आहे, जी अक्षरे ओळखते, पण जोडाक्षरापाशी अडखळते. ती बोट ठेवून एकेक शब्द लावते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते. तिला कुणीतरी शेजारी बसून, पाचदहा मिनिटे, रोज, काही आठवडे वाचून घेण्याची गरज आहे, आणि तेवढे झाले तर ती सहज वाचू लागेल. घरी वाचता येणारे माणूस असते तर हे काम घरी झाले असते. घरी तसे कुणी नाही आणि वर्गात तिच्यासाठी ४० सेकंद आहेत. पुढच्या वर्षी तिच्या हातात विज्ञानाचे पुस्तक येईल, त्याच्या पुढच्या वर्षी इतिहासाचे, आणि प्रत्येक विषयात तिला अडवणारी गोष्ट एकच असेल, ती म्हणजे वाचन. निकालपत्रकात मात्र ती विज्ञानात कच्ची, इतिहासात कच्ची, असे लिहिले जाईल.

वर्गातली मुले कमी असण्याने फरक पडतो का, याची कसून तपासणी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे झाली. सुमारे ११,६०० मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, कुठलीही निवड न करता, १३ ते १७ मुलांच्या लहान वर्गांत आणि २२ ते २५ मुलांच्या नेहमीच्या वर्गांत विभागले गेले. लहान वर्गांतली मुले पुढे राहिली आणि हा फायदा गरीब घरांतल्या व कृष्णवर्णीय मुलांना इतरांपेक्षा अधिक झाला. ज्याला घरून आधार आहे, तो मोठ्या वर्गातही तगून जातो, हेच त्यातून दिसते.

पैसा वाढल्याचा परिणाम आयुष्यभरात काय होतो, हेही अमेरिकेतच मोजले गेले आहे. तिथे १९७० च्या दशकापासून अनेक राज्यांत न्यायालयांनी शाळांच्या निधीवाटपातली विषमता दूर करायला भाग पाडले, त्यामुळे काही भागांत खर्च अचानक वाढला. त्या मुलांचा प्रौढ वयापर्यंत माग काढणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेच्या बाराही वर्षांत दर विद्यार्थ्यामागे १० टक्के खर्च जास्त झाला, तर मोठेपणीची मजुरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि प्रौढ वयात दरवर्षी गरिबीत असण्याचे प्रमाण ३.२ टक्केबिंदूंनी, म्हणजे शंभरात सुमारे तीन जणांनी, घटते, असे त्यात आढळले. हे सरासरीचे आकडे आहेत. गरीब घरांतल्या मुलांमध्ये परिणाम याहून ठळक होता.

उलट दिशेचा पुरावा २००८ च्या आर्थिक मंदीने दिला. त्या काळात अमेरिकेतल्या राज्यांचे करउत्पन्न आटले आणि शाळांचा निधी घटला. श्रीमंत वस्तीतल्या शाळांना स्थानिक मालमत्ताकराचा आधार असतो, गरीब वस्तीतल्या शाळा राज्याच्या मदतीवर जास्त अवलंबून असतात, त्यामुळे राज्याने हात आखडला की त्याची मोठी झळ गरीब वस्तीला बसते. या कपातीचा अभ्यास करणाऱ्यांना असे दिसले की, दर विद्यार्थ्यामागे १,००० डॉलरची घट झाली, तर महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांचे प्रमाण खाली येते, परीक्षेतले गुण घसरतात आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या गुणांमधली दरीही रुंदावते. मंदी काही वर्षांत ओसरली. त्या वर्षांत शाळेत असलेल्या मुलांना ती वर्षे पुन्हा मिळाली नाहीत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. पैसा ओतल्याने शिक्षण सुधारतेच असे नाही, हे म्हणणे खोटे नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून अहवाल दिला, तेव्हा मुलांच्या यशात शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा दिसला होता, आणि त्या अहवालाचा दाखला देत गेली अनेक दशके ‘मग शाळांवर खर्च कशाला’ असे विचारले गेले. इंडोनेशियाने २००५ च्या कायद्यानंतर प्रमाणित शिक्षकांचे मूळ वेतन जवळपास दुप्पट केले; शिक्षकांचे जगणे सुधारले, पण मुलांच्या शिकण्यात त्यामुळे फरक पडल्याचे काटेकोर तपासणीत आढळले नाही. म्हणजे पैसा कसा खर्च होतो याला महत्त्व आहे, हे मान्यच करावे लागते. पण यावरून कपातीचे समर्थन करणाऱ्यांची एक चूक होते, असे मला वाटते. ते गृहीत धरतात की पैसे कमी केले की आधी उधळपट्टी जाईल आणि उपयोगाचे तेवढे उरेल. प्रत्यक्षात काय जाते, ते वर आलेच आहे. जे तोडायला सोपे असते तेच आधी जाते, मग ते उपयोगाचे असो वा नसो, आणि जादा वर्ग तोडणे हे चुकीचे कंत्राट तोडण्यापेक्षा नेहमीच सोपे असते. शिवाय घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असेल, तर ज्याची घरची परिस्थिती वाईट आहे, त्याच्यासाठी शाळा अधिक भक्कम हवी, हा त्या निष्कर्षाचा सरळ अर्थ निघतो. तो दुर्बल शाळेच्या बाजूने कसा वापरता येतो, हे मला कधीच कळले नाही.

शाळेचा खर्च घरावर कसा सरकतो, याची सर्वांत उघड खूण म्हणजे फी. १९८० च्या दशकात कर्जात बुडालेल्या अनेक आफ्रिकी देशांनी सरकारी खर्चाला कात्री लावली आणि प्राथमिक शाळांतही पालकांकडून पैसे घेणे रूढ झाले. पुढे मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली, तेव्हा दडपलेली गरज किती मोठी होती ते कळले. केनियात प्राथमिक शाळांचा पट एका वर्षात सुमारे ५९ लाखांवरून सुमारे ७२ लाखांवर गेला. ही तेरा लाख मुले त्या वर्षी अचानक शिक्षणाच्या ओढीने जागी झाली नव्हती. ती फीपायी दाराबाहेर उभी होती. फी नसली तरी गणवेश, वह्या, परीक्षाशुल्क, प्रवास, ‘ऐच्छिक’ वर्गणी अशा नावांनी खर्च येतच राहतो. जगभरात शिक्षणावर होणाऱ्या एकूण खर्चातला सुमारे ३० टक्के वाटा कुटुंबे उचलतात आणि गरीब देशांतल्या कुटुंबांवरचा हा भार श्रीमंत देशांपेक्षा कितीतरी जास्त आहे. शिक्षणाचा खर्च ज्यांना सर्वांत कमी परवडतो, त्यांच्याकडूनच तो अधिक वसूल होतो.

घराला सगळ्यांचे भागवता येत नाही, तेव्हा कुणाला तरी थांबवावे लागते. हा निर्णय क्वचितच मोठ्याने घेतला जातो. मोठ्या मुलाला कामाची सवय लागलेली असते, म्हणून तो एक हंगाम शाळा चुकवतो आणि मग परत जात नाही. मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहते. शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल, दार मोडलेले असेल आणि दुरुस्तीचा निधी कापला गेला असेल, तर वयात आलेली मुलगी महिन्यातले काही दिवस गैरहजर राहते. अभ्यास तुटत जातो आणि एक दिवस नाव पटावरून कमी होते. नोंदवहीत तिच्या नावापुढे गळती असा शब्द येतो. तो शब्द वाचून वाटते, की ती आपोआप गळाली.

कपातीचा आणखी एक मार्ग म्हणजे कमी पटाच्या शाळा बंद करून मोठ्या शाळेत विलीन करणे. दोन इमारतींऐवजी एक, चार शिक्षकांऐवजी तीन, असा हिशेब त्यामागे असतो आणि मोठ्या शाळेत सोयी चांगल्या मिळतील, असे आश्वासनही दिले जाते. कधीकधी ते खरेही ठरते. पण अंतर ही गरिबांच्या मुलांसाठी केवढी मोठी फी आहे, हे अफगाणिस्तानातल्या घोर प्रांतात २००७ मध्ये झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. काही गावांना गावातच शाळा दिली, काही गावांतली मुले पूर्वीप्रमाणे दूरच्या शाळेवर अवलंबून राहिली. गावात शाळा आली तिथे पटनोंदणी झपाट्याने वाढली, मुलींची तर मुलांपेक्षाही जास्त, आणि शाळा दर मैलाने दूर गेली की नोंदणी सुमारे १६ टक्केबिंदूंनी घटते, असे आढळले. सात वर्षांच्या मुलीला घराबाहेर दोन मैल एकटी पाठवायची की नाही, या प्रश्नाचे उत्तर घर शोधत असते. ज्यांच्याकडे वाहन आहे, त्यांच्यापुढे तो प्रश्न उभाच राहत नाही.

शाळा म्हणजे फक्त शिकवणे, असे समजून केलेली कपातही गरीब मुलाला नको तिथे लागते. अनेकांसाठी शाळेतले जेवण हे दिवसातले सर्वांत खात्रीचे जेवण असते. तपासणी, लसीकरण, जंतांच्या गोळ्या या गोष्टीही शाळेतूनच पोहोचतात. केनियाच्या पश्चिम भागात १९९० च्या दशकाच्या अखेरीस शाळांमधून जंतांच्या गोळ्या दिल्या गेल्या, तेव्हा गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली. अमेरिकेतल्या काही राज्यांत खर्च वाचवण्यासाठी शाळेचा आठवडा चार दिवसांचा करण्यात आला. पाचव्या दिवशी काही मुले खेळाच्या शिबिराला जातात आणि काही मुलांचे त्या दिवशीचे जेवण बुडते.

हे नुकसान जिथल्या तिथे थांबत असते, तर कदाचित सोसता आले असते. ते वाढत जाते. पाकिस्तानात २००५ च्या भूकंपानंतर बाधित भागातल्या शाळा सरासरी सुमारे १४ आठवडे बंद होत्या. चार वर्षांनी तपासले, तेव्हा भूकंपाच्या भेगेजवळ राहणारी मुले दूरच्या मुलांच्या तुलनेत सुमारे दीड इयत्ता मागे असल्याचे दिसले, म्हणजे बुडालेल्या काळाच्या कितीतरी पट. शाळा सुरू झाल्यावर शिक्षक जिथून अभ्यासक्रम पुढे नेत होते, तिथे ही मुले पोहोचलेलीच नव्हती. ज्यांच्या आई शिकलेल्या होत्या, ती मुले मात्र मागे पडली नाहीत. तो भूकंप होता आणि कपात हा भूकंप नव्हे. पण मूल एकदा वर्गाच्या वेगाच्या मागे पडले, की पुढचे प्रत्येक वर्ष ते अंतर वाढवते, आणि ते अंतर भरून काढणारे माणूस घरात असेल तरच ते भरते. यातली प्रक्रिया दोन्हीकडे सारखीच आहे. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अंदाजानुसार, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या सुमारे ७० टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नव्हता. करोनापूर्वी हे प्रमाण ५७ टक्के होते. म्हणजे आज शाळांना जे काम करायचे आहे, ते आधीच मोठे झाले आहे.

कपात टाळताच येत नसेल, तर ती कुणाच्या वाट्यातून व्हावी, हा प्रश्न मग महत्त्वाचा होतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान ४ ते ६ टक्के किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के रक्कम खर्च व्हावी, असे अनेक देशांनी मिळून मान्य केलेल्या २०१५ च्या इंचॉन जाहीरनाम्यात ठरले. पण एकूण रक्कम पुरेशी असूनही ती कुणापर्यंत जाते, हे वेगळे पाहावे लागते. युनिसेफने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, सरासरीने सर्वांत गरीब २० टक्के विद्यार्थ्यांच्या वाट्याला सरकारी शिक्षणखर्चाचा १६ टक्के हिस्सा येत होता, तर सर्वांत श्रीमंत २० टक्क्यांच्या वाट्याला २८ टक्के. कमी उत्पन्नाच्या देशांत हे आकडे ११ आणि ४२ असे होते. याचे कारण साधे आहे. वरच्या इयत्तांवर आणि महाविद्यालयांवर दर विद्यार्थ्यामागे जास्त खर्च होतो आणि तिथपर्यंत गरीब मुले फारशी पोहोचतच नाहीत. अशा वाटपावर सरसकट १० टक्के कपात लावली, तर ती न्याय्य ठरत नाही, कारण मुळातच उताराच्या बाजूला उभ्या असलेल्याला आणखी एक धक्का बसतो. याउलट, मुलाची परिस्थिती जितकी बिकट तितका शाळेला जास्त निधी, असे सूत्र वापरणारे देश आहेत. नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकापासून तसे सूत्र आहे. इंग्लंडमध्ये २०११ पासून गरीब घरांतल्या मुलांच्या संख्येनुसार शाळांना वेगळी जादा रक्कम मिळते. अडचणीच्या वर्षात निदान एवढे ठरवता येते, की वाचन शिकवणारे पहिले तीन वर्ग, शाळेतले जेवण आणि गरीब मुलांची शिष्यवृत्ती यांना हात लावायचा नाही आणि कात्रीची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायची.

याच इंग्लंडमध्ये १९९९ पासून ‘शुअर स्टार्ट’ नावाची केंद्रे उभी राहिली होती. पाच वर्षांखालची मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी आरोग्य, खेळ, बालसंगोपन आणि सल्ला हे सगळे एका छताखाली मिळत असे आणि सुरुवात गरीब वस्त्यांपासून केली गेली. २०१० नंतर सरकारने खर्च कमी करण्याचे धोरण स्वीकारले. या केंद्रांवरचा खर्च पुढच्या काळात दोन तृतीयांशांहून अधिक घटला आणि शेकडो केंद्रे बंद झाली. त्या वेळी त्यांचा उपयोग झाला की नाही, हे ठामपणे सांगता येत नव्हते, कारण तिथे वाढलेली मुले अजून लहान होती. ती सोळा वर्षांची होऊन शालान्त परीक्षेला बसली, तेव्हा कुठे मोजदाद करणे शक्य झाले. एप्रिल २०२४ मध्ये लंडनच्या एका अर्थशास्त्रीय अभ्याससंस्थेने निष्कर्ष प्रसिद्ध केला. शाळेत मोफत जेवणास पात्र असलेली, म्हणजे गरीब घरांतली जी मुले अशा केंद्राजवळ वाढली होती, त्यांची सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतली कामगिरी सगळे विषय मिळून एकूण तीन श्रेणींनी उंचावली होती. सगळ्या मुलांची सरासरी वाढ एका श्रेणीहून कमी होती. हा निष्कर्ष आला, तोपर्यंत बंद पडलेल्या केंद्रांच्या आसपास जन्मलेली मुले प्राथमिक शाळा संपवत आली होती.